‘दहा मिनिटांचं काम आहे’ म्हणाले, तिथूनच घड्याळ सुरू होतं

प्रश्न : वकीलसाहेब, आमचं माहेर सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात. घरी आई (वय ६३) आणि धाकटा भाऊ (वय २४, टेम्पो चालवतो). थोरला भाऊ पुण्यात कंपनीत आहे. चुलत्यांशी बांधावरून जुना वाद आहे. सोमवारी भांडण पेटलं, चुलतभावाच्या डोक्यात काठी बसली, टाके पडले. मंगळवारी संध्याकाळी धाकट्याला पोलीस ठाण्यातून फोन आला, ‘साहेबांनी बोलावलंय, दहा मिनिटांचं काम आहे.’ तो सातला गेला. रात्रभर बाकड्यावर बसवून ठेवला. बुधवारी दुपारी चारला अटक दाखवली, गुरुवारी बाराला कोर्टात उभा केला. जाताना बेड्या घालून बाजारातून चालवत नेला. न्यायाधीशांनी विचारलं, ‘पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?’ तो ‘नाही’ म्हणाला. पण रात्री त्याला मारलं होतं. दोन दिवस पीसीआर (पोलीस कोठडी) झाला, मग एमसीआर (न्यायालयीन कोठडी). आता तो जेलमध्ये आहे. बऱ्याच कागदांवर सह्या घेतल्यात, कसल्या ते त्याला माहीत नाही. कलमं भारतीय न्याय संहितेची, ११८(१), ११५(२), ३५२, ३५१(२), ३(५). थोरल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आली आहे, तो म्हणतो फोन बंद करून बसतो. आईलाही ‘जबाबाला या’ म्हणतात. एक जण ‘कलम कमी करून देतो’ म्हणून पैसे मागतोय. आईला वाटतं, चुलत्यांच्या पाया पडून मिटवावं. येत्या गुरुवारी जामिनाचा अर्ज आहे. आमच्या बाजूने कायद्यात काही आहे का, की नुसतं हात जोडायचं?

– एक बहीण

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं काय असेल, तर त्या वेळा. मंगळवार संध्याकाळ सात, बुधवार दुपार चार, गुरुवार दुपार बारा. पोलिसांच्या कागदावर तुमचा भाऊ बुधवारी चारला अटक झाला आणि गुरुवारी बाराला कोर्टात आला, म्हणजे २० तास. सगळं कायद्यात बसलं. प्रत्यक्षात मात्र तो मंगळवारी सातपासून त्यांच्या ताब्यात होता. ते होतात ४१ तास.

राज्यघटनेचं कलम २२(२) आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८ सांगतं की अटक केलेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलंच पाहिजे. प्रवासाचा वेळ तेवढा वगळतात. तालुक्याच्या ठाण्यापासून तालुक्याच्या कोर्टापर्यंत तो लागून लागून किती लागणार? आता हे २४ तास कधीपासून मोजायचे, याच फटीत आपल्याकडची निम्मी बेकायदा कोठडी बसलेली असते. ‘अटक नव्हती हो, नुसता चौकशीला बसवला होता,’ हे वाक्य मी कोर्टात इतक्या वेळा ऐकलंय की सरकारी पक्ष ते न बघताही म्हणतो. पण मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच, अशक हुसेन अल्ला देथा या प्रकरणात, हा विषय निकाली काढला आहे. माणसाच्या हालचालीवर बंधन आलं त्या क्षणी अटक सुरू झाली. अधिकाऱ्याने वहीत कोणती वेळ टाकली याने फरक पडत नाही. उठून घरी जायची मुभा तुमच्या भावाला मंगळवारी रात्री होती का? नव्हती. मग तो अटकेतच होता. आणि २४ तास उलटून गेल्यावर कोर्टात आणलं तर ती अटकच टिकत नाही, असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ईडीच्या एका प्रकरणात जामीन कायम ठेवला. ईडीला जे लागू, ते तालुक्याच्या ठाण्याला लागू नाही असं कोण म्हणेल?

पण हे तोंडी सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. त्यासाठी जामिनाच्या गुरुवारपर्यंत थांबू नका. फोन आला होता ना? मग भावाच्या मोबाइलवर त्या कॉलची नोंद आहे. फोन पोलिसांनी जप्त केला असेल तरी कंपनीकडे नोंद असते. रात्री डबा घेऊन ठाण्यात कोण गेलं होतं? जो गेला असेल त्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या : किती वाजता गेलो, कुठल्या बाकड्यावर बसलेला पाहिला, कोणाच्या हातात डबा दिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठाण्यातलं सीसीटीव्ही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात दारं, कोठडी, व्हरांडा, स्वागतकक्ष सगळीकडे कॅमेरे लावायला आणि चित्रण १८ महिने, अगदीच जमत नसेल तर किमान एक वर्ष जपून ठेवायला सांगितलं. तुमच्या वकिलांना सांगा, मंगळवार संध्याकाळ ते गुरुवार दुपार या काळाचं चित्रण जपून ठेवायचा आदेश मागणारा अर्ज आजच द्या. ‘कॅमेरा त्या दिवशी बंद होता’ असं उत्तर येईल, मला अंदाज आहे. येऊ दे. ते उत्तरही लेखी येतं.

दुसरी गोष्ट अटकेच्या कारणांची. याच सुरक्षा संहितेच्या कलम ४७ प्रमाणे अटक करताना गुन्ह्याचा पूर्ण तपशील आणि अटकेची कारणं सांगावी लागतात, आणि कलम ४८ प्रमाणे घरच्यांना किंवा तो सांगेल त्या माणसाला कळवावं लागतं. वर्षानुवर्षं याची पूर्तता छापील तक्त्यात एक ओळ भरून व्हायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, म्हणजे वरळीच्या त्या बीएमडब्ल्यू अपघाताच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी द्यायची आणि आरोपीला कळेल त्या भाषेत द्यायची. जागेवर लिहून देणं खरोखर शक्यच नसेल तर तोंडी सांगून पुढे लेखी, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, कोर्टापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी. नाही दिली तर अटक आणि त्यावरचा रिमांड दोन्ही बेकायदा. तुमच्या भावाला असा मराठीत कागद मिळाला का? जेलमध्ये मुलाखतीला जाल तेव्हा पहिलं हे विचारा. मिळाला असेल तर त्यात त्याच्यापुरतं काही लिहिलंय, की ‘तपासकामी आवश्यक’ एवढंच, तेही बघा. आरोपीबद्दल सहानुभूती वाटू नये अशा एका अपघाताच्या प्रकरणातून हा हक्क पक्का झाला, याचं अनेकांना वाईट वाटतं. मला नाही वाटत. हक्क असेच आरोपी घडवतात ज्यांच्यासाठी कोणी मेणबत्त्या लावत नाही.

तिसरी गोष्ट : अटक करायची गरज होती का? ११८(१) म्हणजे घातक हत्याराने दुखापत, शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. कलम दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि आता अजामीनपात्रही आहे, म्हणजे जामीन द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं, हे खरं. पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही. सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची, माणूस येत असेल तर अटक करायची नाही, आणि करायचीच असेल तर का करतोय ते लिहून ठेवायचं. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने ही कारणांची यादी दंडाधिकाऱ्यापुढे ठेवायला सांगितली, आणि ती न तपासता कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यावरही जबाबदारी टाकली. तुमचा भाऊ तर एका फोनवर स्वतःहून ठाण्यात गेला. पळून जाणारा माणूस असा जातो का? ती यादी रिमांडच्या कागदांना जोडलेली आहे का, हे वकिलांनी कोर्टाच्या फायलीत बघावं. नसेल तर जामिनाच्या अर्जातला हा सगळ्यात वजनदार परिच्छेद होईल. अटकेचे हे नियम पाळले नसतील तर आरोपी जामिनाला पात्र ठरतो, असं २०२२ च्या सतेंदर कुमार अंतिल निकालात म्हटलेलं आहे.

आता त्या ‘तक्रार आहे का’ या प्रश्नाबद्दल. तो प्रश्न विचारतानाचं दृश्य मी रोज बघतो. पोरगं आरोपीच्या पिंजऱ्यात, दोन बाजूंना दोन शिपाई, त्यातला एक काल रात्रीचाच. समोर न्यायाधीश खाली मान घालून लिहितायत. तीन सेकंदांचा प्रश्न, एका सेकंदाचं उत्तर. ‘नाही.’ रोजनाम्यात नोंद होते, तक्रार नाही. मुलगा घाबरला म्हणून त्याला बोल लावू नका. पण ती नोंद म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. जेलमध्ये घेताना वैद्यकीय तपासणी होते, त्यात काही वळ, सूज नोंदलं गेलं असेल. अटकेनंतर ग्रामीण रुग्णालयात नेलं असेल त्याचाही अहवाल आहे, आणि कलम ५३ खाली त्याची प्रत आरोपीला किंवा तो सांगेल त्या माणसाला मिळते. ती मागा. पुढच्या तारखेला त्याने स्वतः, मोठ्याने, सांगावं : ‘साहेब, मला तक्रार करायची आहे, मागच्या वेळी भीतीने बोललो नाही.’ व्हिडिओवर हजर करत असतील तर वकिलांनी प्रत्यक्ष हजर करण्याचा अर्ज द्यावा. पडद्यावर मागे कोण उभं आहे ते न्यायाधीशांना दिसत नाही. फक्त एक सांगतो, जे झालं तेवढंच सांगायचं. दोन कानाखाली बसल्या असतील तर दोनच. पट्टा, दांडकं वाढवून सांगितलं आणि वैद्यकीय अहवालात ते नसलं, की खऱ्या दोनही खोट्या ठरतात.

सह्यांची काळजी थोडी कमी करा, पण सोडू नका. पोलिसांसमोर दिलेली कबुली त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तसं सांगतं. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर तर सही घ्यायचीच नसते, सुरक्षा संहितेचं कलम १८१ बघा. खरा धोका एकाच कागदात आहे. ‘काठी कुठे लपवली ते दाखवतो’ असं म्हणून तो पंचांना घेऊन गेला आणि काठी काढून दिली, असा पंचनामा. कबुलीतला तेवढाच भाग, ज्याच्यामुळे वस्तू सापडली, पुराव्यात येऊ शकतो. म्हणून भावाला विचारा, पीसीआरच्या दोन दिवसांत त्याला शेतावर किंवा गोठ्यात नेलं होतं का, पंच म्हणून कोण होतं. कोरे कागद होते असं तो म्हणत असेल तर जामीन अर्जातच तसं लिहा, म्हणजे पुढे ‘आता सुचलं’ असं कोणी म्हणणार नाही.

बेड्यांचं थोडक्यात. कलम ४३(३) मध्ये बेड्या कोणाला घालता येतात त्याची यादी आहे : सराईत, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी, अमली पदार्थ वगैरे. बांधावरच्या मारामारीतला पहिल्यांदाच पकडलेला टेम्पोचालक त्यात बसत नाही. बाजारातून धिंड काढणं तर कुठल्याच कलमात बसत नाही. कोणी मोबाइलवर चित्रित केलं असेल तर ते जपून ठेवा, पण समाजमाध्यमावर टाकू नका. बदनामी तुमच्याच भावाची होते.

पैसे मागणाऱ्याचं आणखी थोडक्यात. कलम ठरतं ते जखमेच्या दाखल्यावर, कोणा मध्यस्थाच्या शब्दावर नाही. तो पैसेही घेईल आणि कलमही राहील. मागणारा सरकारी नोकर असेल किंवा त्याच्या नावाने कोणी मागत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर आहे.

वकिलाबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाहीत, पण फीचा ताण ओळींमधून दिसतोच. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो; १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात लोकअभिरक्षक कार्यालय, म्हणजे आरोपींसाठीच्या मोफत वकिलांचं कार्यालय, असतं, तिथे जा, किंवा १५१०० वर फोन करा. ‘फुकटचा वकील पोलिसांना सामील असतो’ हा समज सोडा. पोलिसांच्या बाजूने उभे राहतात ते सरकारी अभियोक्ते. लोकअभिरक्षक त्यांच्या विरुद्ध उभा राहतो. २६/११ च्या खटल्यात कसाबचं अपील फेटाळताना, २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या दंडाधिकाऱ्यांना बजावलं होतं की पहिल्यांदा समोर आलेल्या आरोपीला वकिलाचा हक्क समजावून सांगा, त्याला परवडत नसेल तर सरकारी खर्चाने द्या. तो हक्क कसाबला होता, तर तुमच्या भावाला आहेच.

थोरल्याला माझा निरोप द्या : फोन चालू कर. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कलम ३५ ची नोटीस ही रीतसर बजावणी नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना तसं करायला मनाई केली आहे. पण ‘नोटीस मिळालीच नाही’ म्हणून दडून बसला तर अटकेचं कारण तो स्वतःच त्यांच्या हातात देतो. त्याने सांगलीच्या सत्र न्यायालयात कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकावा आणि अंतरिम संरक्षण मागावं. त्याच दिवशी तपासी अंमलदाराला ईमेलने आणि स्पीड पोस्टने कळवावं की मी तपासाला सहकार्य करायला तयार आहे, रीतसर नोटीस द्या. सोमवारी तो पुण्यात कामावर होता का? असेल तर कंपनीच्या हजेरीची नोंद आणि गेटचं चित्रण लगेच मागून घ्यावं. ३(५) हे समान इराद्याचं कलम आहे, भाऊ म्हणून नाव घातलं एवढ्याने ते लागत नाही. चौकशीला गेला की वकिलाला भेटायचा त्याला हक्क आहे (कलम ३८), संपूर्ण चौकशीभर शेजारी बसवता येत नाही एवढंच. आणि स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नाला उत्तर न देणं हा घटनेच्या २०(३) चा हक्क आहे. तो वापरताना आवाज चढवायची गरज नसते.

आईंनी ठाण्यात जायचं नाही. साक्षीदार म्हणून बाईचा जबाब ती राहते तिथेच घ्यायचा असतो. साठीच्या वरच्या कोणाचाही. कलम १७९. ‘घरी या, चहा पाजते, जबाब देते,’ असं त्यांनी सांगावं. जबाब घेताना शेजारचं कोणी हजर असू द्या. फिर्यादीत आईंचं नाव आरोपी म्हणून आहे का, हे मात्र आधी बघून घ्या. एफआयआरची प्रत पोलिसांच्या संकेतस्थळावर असते, नसेल तर कोर्टातून मिळते. नाव असेल तर थोरल्याच्या अर्जातच आईंचाही अटकपूर्व जामीन मागा, आणि हे लक्षात ठेवा की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवादाने करायची तर महिला अधिकाऱ्याने, तेही दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन.

आता येत्या गुरुवारचं. कोर्ट पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवेल, त्यात ठरलेली वाक्यं असतील : फरार होईल, साक्षीदारांवर दबाव आणेल. यावर एकच गोष्ट खरोखर आड येऊ शकते, ती म्हणजे जखमेचा दाखला. टाके पडले म्हणजे साधी जखम की गंभीर, हे डॉक्टर ठरवतात. हाड मोडल्याचं निघालं तर कलम ११८(२) लागू शकतं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, आणि मग जामिनासाठी बहुधा सत्र न्यायालय गाठावं लागतं. म्हणून दाखला येण्याआधी अर्ज ऐकला गेला तर बरं; वकिलांनी तारीख पुढे ढकलू देऊ नये. जामीन झाला की जामीनदार लागेल : सातबारा, ऐपतीचा दाखला, ओळखपत्रं. हे आजपासून गोळा करा. वेळ लागणार असेल तर तोवर रोख जामिनावर सोडा असा अर्ज करता येतो. कोर्टाच्या आवारात ‘जामीनदार पाहिजे का’ विचारत फिरणाऱ्यांकडे बघूही नका. त्यांचे सातबारे खोटे निघाले की नवा गुन्हा तुमच्याच दारात. समजा जामीन नाकारलाच, तर सत्र न्यायालय आहे. आणि ११८(१) च राहिलं, तर ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही की जामीन हा हक्क होतो. दिवस पहिल्या रिमांडची तारीख धरून मोजायचे आणि अर्ज दोषारोपपत्र येण्याआधी द्यायचा. एक दिवस उशीर झाला आणि तेवढ्यात दोषारोपपत्र पडलं, तर हा हक्क गेला.

तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय की चुलत्यांच्या पाया पडून मिटवावं असं आईला वाटतं. मिटवणं वाईट नाही, बांध तर उद्याही तिथेच राहणार आहे. पण आत्ता, जामिनाचा अर्ज पडून असताना, तुमच्यापैकी कोणीही त्यांच्या दारात जायचं नाही. तीच भेट उद्याच्या ‘से’मध्ये साक्षीदारावर दबाव म्हणून येईल. जे बोलायचं ते दोन्हीकडच्या वकिलांनी बोलावं. ११८(१) खालच्या कोर्टात आपसात मिटवता येण्यासारखं कलम नाही, त्यासाठी दोन्ही बाजूंच्या संमतीने गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून तुमच्या जिल्ह्यासाठी ते कोल्हापूरला आहे, मुंबईचे हेलपाटे वाचले. धाकटा घरी आला, जखम भरली, की तो विषय काढा.